मदर तेरेसा: पाटण्याच्या रुग्णालयातील विद्यार्थिनी

मदर तेरेसा हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. निळ्या काठांची पांढरी सुती साडी, सुरकुत्यांनी भरलेला प्रसन्न चेहरा आणि कोलकात्याच्या पदपथावर पडलेल्या एखाद्या मरणोन्मुख माणसावर ओणवलेली ती ठेंगणी मूर्ती. १९७९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक, १९८० चा भारतरत्न हा सन्मान आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी रोम येथे जाहीर झालेले संतपद, या गोष्टीही आपणांस ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या चरित्रात एक लहानसे प्रकरण आहे, ज्याचा उल्लेख बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. ते कोलकात्यात घडले नाही, पाटण्यात घडले. त्याचा अवधी चार महिन्यांहूनही कमी होता. त्या प्रकरणात मदर तेरेसा विद्यार्थिनी आहेत. आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या परिचारिकांच्या मागे उभे राहून त्या रुग्णाचे अंथरूण बदलायला, सुई टोचायला आणि बाळंतिणीला हात द्यायला शिकत आहेत.

आपल्या ख्रिस्ती समाजात परिचारिका नाही असे कुटुंब विरळाच. म्हणून हे प्रकरण आपण जरा सावकाश पाहू या.

शाळेतील वर्षे

मदर तेरेसांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी बाल्कन प्रदेशातील स्कोप्ये या गावी एका अल्बेनियन कुटुंबात झाला. अ‍ॅग्नेस गोंझा हे त्यांचे पाळण्यातले नाव. वयाच्या अठराव्या वर्षी घर सोडून त्या आयर्लंडमध्ये लोरेटो भगिनींच्या संघात दाखल झाल्या आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कोलकात्यात, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्यात, येऊन पोहोचल्या. दार्जिलिंग येथे व्रतस्थ जीवनाची पूर्वतयारी करून १९३१ साली त्यांनी पहिली व्रते घेतली. त्यानंतर त्यांची नेमणूक एंटाली भागातील सेंट मेरीज या बंगाली माध्यमाच्या मुलींच्या शाळेत झाली. तेथे त्यांनी इतिहास आणि भूगोल शिकविला व १९४४ साली त्या मुख्याध्यापिका झाल्या.

शाळेच्या भिंतीपलीकडे मोतीझीलची झोपडपट्टी होती. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने आणि रोगाने मेली. १६ ऑगस्ट १९४६ रोजी शहरात भीषण दंगल उसळली, तेव्हा वसतिगृहातील सुमारे ३०० मुलींसाठी अन्न मिळवावे म्हणून मदर तेरेसा रस्त्यावर निघाल्या आणि पडलेली प्रेते त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यानंतर काही आठवड्यांनी, १० सप्टेंबर १९४६ रोजी, दार्जिलिंगच्या आगगाडीत त्यांना अंतःकरणात जाणीव झाली की मठ सोडून अतिगरिबांमध्ये राहावे व त्यांची सेवा करावी, हीच परमेश्वराची इच्छा आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट घाईने मान्य केली नाही. जवळजवळ दोन वर्षे परीक्षा पाहिल्यावर रोमहून परवानगी आली आणि १७ ऑगस्ट १९४८ रोजी साधी पांढरी साडी नेसून त्या लोरेटोच्या दाराबाहेर पडल्या.

वाचकहो, आता येथे थोडे थांबा. इतकी वर्षे ज्या कामाची ओढ लागली होती, त्याचे दार उघडले होते. मोतीझील चालत जाण्याच्या अंतरावर होती. मग त्या तडक तेथे का गेल्या नाहीत? त्यांनी पाटण्याची आगगाडी का पकडली?

पाटण्याचे दिवस

याचे कारण साधे होते. गरिबांच्या झोपडीत त्यांना ताप, जखमा, क्षय, अडलेली बाळंतीण आणि मरणपंथाला लागलेली माणसे भेटणार होती. इतिहास-भूगोल शिकविणाऱ्या मुख्याध्यापिकेजवळ करुणा भरपूर होती, पण फोड कसा धुवावा, औषधाची मात्रा किती द्यावी, कोणत्या रुग्णाला विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे, याचे ज्ञान तिच्याजवळ नव्हते. ही उणीव त्यांनी ओळखली आणि आधी शिकायचे ठरविले.

पाटणा सिटीमध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स या संघाचे होली फॅमिली हॉस्पिटल होते. या संघाची संस्थापिका डॉ. अ‍ॅना डेंगल ही ऑस्ट्रियात जन्मलेली डॉक्टर. तिने रावळपिंडी येथे काम करीत असताना पाहिले की पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत आणि त्यामुळे बाळंतपणात हकनाक मरतात. १९२५ साली तिने अमेरिकेत वॉशिंग्टन येथे हा संघ स्थापन केला. त्या काळी चर्चच्या नियमांप्रमाणे धर्मभगिनींना प्रसूतीचे वैद्यकीय काम करण्याची मुभा नव्हती. ही मनाई १९३६ साली उठली. म्हणजे मदर तेरेसा पाटण्यास गेल्या तेव्हा धर्मभगिनींनी सुईणीचे काम रीतसर शिकणे, ही गोष्टही फार जुनी नव्हती.

२६ ऑगस्ट १९४८ रोजी, पाटण्यात असतानाच, त्यांना ३८ वर्षे पूर्ण झाली. या वयात पुन्हा पहिल्या पायरीवर बसणे सोपे नसते. काल ज्यांच्या शब्दावर शाळा चालत होती, त्या आज रुग्णाचे अंथरूण नीट कसे घालावे हे दुसऱ्यांकडून शिकू लागल्या. इंजेक्शन देणे, औषधे मोजून देणे, जखम बांधणे, बाळंतपणात मदत करणे, हे सारे त्या हाताने करीत शिकल्या. रुग्णालयात अपघाताचा रुग्ण आला, प्रसूती सुरू झाली किंवा कोणी अत्यवस्थ झाले की जेथे बोलावणे होईल तेथे त्या धावून जात.

त्या दिवसांतील एक प्रसंग मोठा बोधप्रद आहे. आपल्या भावी संघातील भगिनींनी अतिगरिबांप्रमाणे केवळ भात आणि मीठ खाऊन राहावे, असा मदर तेरेसांचा विचार होता. पाटण्याच्या अनुभवी भगिनींनी त्यास ठाम विरोध केला. अशा आहारावर दिवसभर राबणाऱ्या मुली लवकरच क्षयासारख्या रोगांना बळी पडतील आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याच शेजारी आजारी होऊन पडतील, हे त्यांनी समजावून सांगितले. पोटभर सकस अन्न, अंगावरचे कपडे रोज धुता येतील इतक्या साड्या, आठवड्यातून विश्रांती, स्वच्छतेचे नियम, या गोष्टी सेवेकरिताच आवश्यक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मदर तेरेसांनी ते ऐकले व आपला विचार बदलला. ज्या स्त्रीने आपल्या अंतःकरणातील हाकेपायी सर्वस्व सोडले होते, तिने आरोग्यशास्त्र जाणणाऱ्या भगिनींपुढे आपला हट्ट सोडला. त्यांच्या संघाच्या भगिनी पुढे दीर्घकाळ काम करू शकल्या, त्याचा पाया पाटण्याच्या त्या संभाषणात घातला गेला.

त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर व्हॅन एक्सेम यांना वाटत होते की हे शिक्षण सहा महिने, शक्यतो वर्षभर चालावे. मदर तेरेसांना मात्र कोलकात्याची ओढ लागली होती व काही आठवड्यांतच त्यांनी परत येण्याची परवानगी मागितली. फादर पाटण्यास आले, तेव्हा तेथील भगिनींनी अभिप्राय दिला की आवश्यक तेवढे त्या शिकल्या आहेत, आणि पुढे मदतीला जाणकार माणसेही मिळतील. डिसेंबरच्या सुरुवातीस त्या कोलकात्यास परतल्या.

शिकलेले शिकविणे

२१ डिसेंबर १९४८ रोजी मदर तेरेसा मोतीझीलमध्ये गेल्या. शाळेला इमारत नव्हती, फळा नव्हता. काठीने जमिनीवर बंगाली अक्षरे काढून त्यांनी मुलांना शिकविण्यास आरंभ केला. अक्षरांबरोबर अंग स्वच्छ ठेवण्याचेही धडे होते आणि बक्षीस म्हणून साबणाची वडी दिली जाई. पाटण्याचे आरोग्यशिक्षण व एंटालीचे अध्यापन यांचा असा मिलाफ झाला. लवकरच औषधे देण्याचा एक छोटा दवाखानाही सुरू झाला.

१९४९ च्या फेब्रुवारीत क्रीक लेनमधील गोमेस कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली आणि मार्चमध्ये त्यांची जुनी विद्यार्थिनी सुभाषिनी दास ही पहिली सहकारी म्हणून आली. तीच पुढे सिस्टर अ‍ॅग्नेस झाली. तिच्या पाठोपाठ आणखी विद्यार्थिनी आल्या. मदर तेरेसांनी या मुलींना शिक्षण अर्धवट सोडू दिले नाही. दिवसा वस्तीतील काम आणि संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास असा त्यांचा क्रम होता व मदर स्वतः त्यांचा अभ्यास घेत. त्यांच्यापैकी सिस्टर गर्ट्रूड यांना त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी पाठविले आणि त्या डॉक्टर झाल्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघास रीतसर मान्यता मिळाली.

२२ ऑगस्ट १९५२ रोजी कालीघाटच्या मंदिराशेजारी, महापालिकेने दिलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, निर्मल हृदय सुरू झाले. ज्यांना रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही व जे रस्त्यावर मरणाची वाट पाहत पडले होते, अशांना तेथे आणले जाई. त्यांना आंघोळ घातली जाई, जखमा धुतल्या जात, अन्न भरविले जाई, आणि मृत्यूनंतर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यविधी होत असे. १९५५ साली अनाथ बालकांसाठी शिशुभवन आणि १९५७ साली कुष्ठरुग्णांसाठी फिरता दवाखाना सुरू झाला.

ज्ञान थांबत नाही

वाचकहो, येथवरची कथा वाचून आपण म्हणाल की शिक्षण झाले, सेवा सुरू झाली, आता शिकण्याचे काय उरले? कोलकात्यातीलच दोन उदाहरणे पाहा.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सॉल्ट लेकच्या छावणीत मदर तेरेसांच्या भगिनी काम करीत होत्या. सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ भडकली होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. तेव्हा कोलकात्याच्या संशोधन केंद्रातील डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपे भरली व ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पेल्या-पेल्याने पाजविले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. शिरेतून पाणी दिल्याशिवाय पटकीचा रुग्ण वाचत नाही, हेच तोवर बहुतेक परिचारिका शिकल्या होत्या. ज्यांनी हे नवे ज्ञान आत्मसात केले, त्यांच्या हातून शेकडो जीव वाचले. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही, त्यांची तळमळ कमी नव्हती, पण त्यांच्यापुढे मुले मरत राहिली.

दुसरे उदाहरण कुष्ठरोगाचे. १९५७ साली फिरता दवाखाना निघाला तेव्हा डॅप्सोन हे एकच औषध मुख्यतः वापरात होते आणि ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. पुढे जंतूंनी त्याला दाद देईनासे केले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली आणि आयुष्यभराचा मानला जाणारा हा रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. १९५७ चे ज्ञान तेव्हाचे उत्तम ज्ञान होते, परंतु पंचवीस वर्षांनंतर त्यावरच विसंबून राहणे म्हणजे रुग्णावर अन्याय झाला असता.

एक कठीण प्रश्न

आता एक अशी गोष्ट सांगितली पाहिजे, जी मदर तेरेसांच्या गौरवपर लेखांत सहसा येत नाही. १९९४ साली द लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक डॉ. रॉबिन फॉक्स यांनी कालीघाटच्या गृहास भेट देऊन सप्टेंबरच्या अंकात आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथील स्वच्छता, जखमांची निगा आणि भगिनींचा प्रेमळपणा यांची त्यांनी प्रशंसा केली. परंतु डॉक्टर अधूनमधूनच येत, उपचारांचे बरेचसे निर्णय भगिनी व स्वयंसेवकच घेत, आणि रक्ताच्या साध्या तपासणीने ओळखता येईल असा हिवताप ओळखला जाण्याची खात्री नव्हती, हेही त्यांनी नमूद केले. बरा होऊ शकणारा रुग्ण आणि न होणारा रुग्ण यांत पद्धतशीर भेद केला जात नव्हता व तीव्र वेदना शमविणारी औषधे तेथे नव्हती.

ही टीका पुष्कळांना झोंबली. वेदनाशमनाच्या क्षेत्रातील काही डॉक्टरांनी त्याच नियतकालिकात उत्तर देऊन दाखवून दिले की हा दोष एकट्या त्या गृहाचा नव्हता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे भारतात मॉर्फिन मिळणे अतिशय दुरापास्त झाले होते आणि डॉक्टर व परिचारिका यांना वेदनाशमनाचे शिक्षणच मिळत नव्हते. या कायद्याच्या जाचक तरतुदी २०१४ साली सैल झाल्या. हे उत्तर न्याय्य होते. तरीही रुग्णाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न उरतोच. ज्याची हाडे कर्करोगाने पोखरली आहेत, त्याला हात धरून बसणारे माणूस हवे, आणि वेदना थांबविणारे औषध योग्य मात्रेत देऊ जाणणारे माणूसही हवे. ही दोन माणसे एकच असू शकतात, आणि परिचारिकेकडून आपण नेमकी तीच अपेक्षा ठेवतो.

ज्यांनी ती अपेक्षा पूर्ण केली, त्यांच्यापैकी एक इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स. ही ख्रिस्तभक्त बाई मुळात परिचारिका होती. मरणाच्या दारातील रुग्णांच्या वेदना पाहून तिने पुन्हा अभ्यासाला सुरुवात केली आणि १९५७ साली, जवळजवळ त्याच वयात ज्या वयात मदर तेरेसा पाटण्यास गेल्या, ती डॉक्टर झाली. वेदनाशामक औषध वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी नियमित दिले पाहिजे, हे तिने अभ्यासाने दाखवून दिले आणि १९६७ साली लंडन येथे सेंट क्रिस्टोफर्स हे गृह उघडले. आपल्या मुंबईतही १९८६ साली वांद्रे येथे डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नाने शांती आवेदना हे कर्करुग्णांचे गृह सुरू झाले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले. तेथे प्रार्थना आणि वेदनाशास्त्र एकाच छताखाली नांदत आले आहेत.

आपल्यासाठी

मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजी कोलकात्यातील आपल्या मातृगृहात निवर्तल्या. त्यांच्या जीवनातून सेवेची प्रेरणा घ्या, असे आपणांस पुष्कळांनी सांगितले आहे. मी एवढेच सुचवू इच्छितो की त्यांच्या पाटण्याच्या दिवसांतूनही प्रेरणा घ्यावी. कमी पडते आहे हे ओळखणे, वयाचा व पदाचा संकोच न बाळगता शिकायला बसणे, जाणकारांनी चूक दाखविली तर मत बदलणे आणि शिकलेले दुसऱ्यास शिकविणे, या चारही गोष्टी त्या थोड्या दिवसांत आहेत. आणि पुढील इतिहास सांगतो की असे पाटणे आयुष्यात एकदाच येऊन भागत नाही, ते पुनःपुन्हा यावे लागते.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोनीचा दाखला आठवा. त्याला जखमी वाटसरूचा कळवळा आला, आणि मग त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. त्या काळचे औषधोपचार ते हेच. ते साहित्य त्याच्याजवळ होते व ते कसे वापरावे हे त्याला माहीत होते. कळवळ्याने तो थांबला, आणि त्या ज्ञानाने वाटसरूच्या जखमांवर उपाय झाला.

आज परिचारिकेच्या नोंदणीच्या नूतनीकरणाशी निरंतर शिक्षणाचे तास जोडले जात आहेत. पुष्कळ भगिनींना ते ओझे वाटते, आणि त्यांची अडचण खरी आहे. रात्रपाळी करून आलेली, घरी लहान मूल व वृद्ध सासू असलेली परिचारिका कार्यशाळेला केव्हा जाणार? रजा कोण देणार? शुल्क कोण भरणार? कित्येकदा हजेरीची सही करून प्रमाणपत्र मिळविण्यापुरतेच हे शिक्षण उरते. याचा दोष केवळ परिचारिकेला देऊन चालणार नाही. फादर व्हॅन एक्सेम यांनी वेळ देऊ केला, पाटण्याच्या भगिनींनी आपले वॉर्ड आणि आपला अनुभव खुला केला, म्हणून मदर तेरेसा शिकू शकल्या.

तेव्हा आपल्यापैकी जे मिशन रुग्णालयांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी परिचारिकांच्या शिक्षणासाठी पगारी रजा व अंदाजपत्रकात वेगळी तरतूद ठेवावी. ज्या मेट्रन आहेत, त्यांनी पाळ्या लावताना शिकणाऱ्या मुलीचा विचार करावा. ज्यांच्या घरी परिचारिका सून किंवा मुलगी आहे, त्यांनी पदविकेनंतर पदवीचा किंवा वेदनाशमनाच्या एखाद्या अभ्यासक्रमाचा विचार तिने बोलून दाखविल्यास आता या वयात कशाला, असे म्हणू नये. त्या काळात तिच्या मुलाला सांभाळावे, स्वयंपाकाचा भार उचलावा.

आणि प्रिय परिचारिका भगिनी, तू जर हा लेख रात्रपाळीच्या टेबलाशी बसून वाचत असशील, तर तुझ्या वॉर्डात या क्षणी ज्याला झोप येत नाही, त्या रुग्णाचा विचार कर. त्याच्यासाठी काय करता आले असते जे तुला आज ठाऊक नाही, हा प्रश्न स्वतःला विचार, आणि उद्या तो एखाद्या जाणकाराला विचार.